वावरातला भोंगा : रात्रीचं स्वस्त आवाजयंत्र निवडताना

‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ असं आपल्याकडे म्हणतात. होस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजेपर्यंत जागणं आपल्याला फार मोठं वाटतं. पण थंडीच्या दिवसांत, काळोखात, हातात टॉर्च आणि काठी घेऊन वावराच्या धुऱ्यावर जागणं काय असतं, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. ते कळलं दिवाळीच्या सुट्टीत, उमरेडला मामाकडे गेलो तेव्हा.

मामाचं वावर उमरेडहून कऱ्हांडल्याच्या बाजूला आहे. चार एकर. दोन एकरात तूर, दोन एकरात नुकताच पेरलेला हरभरा. मी गेलो त्या सकाळी हरभऱ्याचं अर्धं वावर कोणी नांगर फिरवल्यासारखं उकरून ठेवलं होतं. रात्री रानडुकरांचा कळप येऊन गेला होता. तुरीच्या बाजूने रोही म्हणजे नीलगाय शेंडे खाऊन गेली होती. मामा धुऱ्यावर बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भासे, आता पुरे झालं. उद्यापासून तारेत करंट सोडतो.”

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. ‘करंट’ हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो, पण त्या दिवशी तो ऐकून अंगावर काटा आला. मी मामांना म्हटलं, “मामा, पंधरा दिवस द्या. मी काहीतरी करून देतो.” मामा हसले. “करून पाय. पंधरा दिवसांत हरभरा उरला तं.”

त्या पंधरा दिवसांत (आणि नंतरच्या दीड महिन्यात) जे शिकलो ते हा लेख. आपल्यातले निम्मे जण खेड्यातून आलेले आहेत. कोणाच्या तरी घरी याचा उपयोग होईल, म्हणून चुकांसह सगळं लिहितो आहे.

आधी करंटबद्दल

घरच्या लाइनचा २३० व्होल्टचा करंट कुंपणाच्या तारेत सोडणं हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी लोक सोडतात, कारण तार आणि आकडा यापलीकडे खर्च नाही. पण ती तार डुक्कर, माणूस आणि वाघ यांत फरक करत नाही. शरीरातून ३० मिलिअँपिअर प्रवाह थोडा वेळ गेला तरी जीव धोक्यात येतो. घरातला सुरक्षा-ब्रेकर ३० मिलिअँपिअरवर ट्रिप होतो तो यामुळेच. पहाटे पाणी ओलायला निघालेला शेजारी त्या तारेला लागला तर पुढे काय होईल, ते सांगायची गरज नाही.

वाघांचं म्हणाल तर, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली घोषित झालं. नागपूर जिल्ह्यातले उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातला पवनी अशा तालुक्यांत ते सुमारे १८९ चौरस किलोमीटर पसरलं आहे. इथला ‘जय’ नावाचा वाघ देशभर गाजला आणि २०१६ पासून तो कोणाला दिसला नाही. त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीडच्या बाजूला शेताच्या विजेच्या तारेला लागून मेला. तार डुकरासाठी लावली होती. त्या शेतकऱ्याचं वाघाशी काही वैर नव्हतं. माझ्या मामांचंही नाही.

‘झटका मशीन’ ही गोष्ट वेगळी आहे, दोन्हींत गोंधळ करू नका. झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि साधारण सेकंदाला एक, असा अगदी क्षणिक झटका तारेत सोडते. व्होल्टेज मोठं, पण तो झटका एक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. त्यामुळे जनावर दचकतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा सौर कुंपणाला अनुदान मिळतं. मामांनी अर्ज केला आहे. पण हरभरा अर्जाची वाट पाहत थांबत नाही. तेवढ्या काळासाठी मला आवाजाचं यंत्र सुचलं.

हे यंत्र मुळात कशासाठी?

जनावरांसाठी आवाज काढणारं यंत्र शोधायला लागलो आणि गंमत झाली. हे यंत्र नुसतं जनावर हाकलण्यासाठी नाही, तर बोलावण्यासाठीही विकलं जातं! अमेरिकेत कोल्हा, कायोटी, रॅकून अशा केसाळ कातड्याच्या प्राण्यांची रात्री शिकार करणारे लोक एक पेटी घेऊन रानात जातात. पेटीत सापडलेल्या सशाची किंकाळी भरलेली असते. पेटी झुडपात ठेवायची, आपण रिमोट घेऊन लांब बसायचं. आयतं भक्ष्य आहे असं समजून कोल्हा येतो. तिथे त्याला कायद्याची मुभा आहे, तीही राज्याराज्यांनुसार वेगळी. बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत तर तिथेही सहसा असं विजेवर चालणारं यंत्र वापरता येत नाही.

आपल्याकडे ही विद्या यंत्राशिवाय होती. आपल्या भागातले फासेपारधी तोंडाने तित्तराचा असा आवाज काढत की खरा तित्तर उत्तर देत जवळ येई. याच्या उलटचीही विद्या होती. जुन्या शिकारीत हाकारे डबे बडवत, ओरडत निघायचे आणि जनावर पुढे पळायचं. आवाजाने जनावर ओढताही येतं आणि ढकलताही येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे ओढण्याचा धंदा बंद केला, आणि ते बरंच झालं. मला हवं होतं ते ढकलणारं यंत्र. पण दोन्हींचं पोट सारखंच असतं: आवाज साठवणारा भाग, अँप्लिफायर, भोंगा, बॅटरी आणि कधी वाजायचं ते ठरवणारा मेंदू. त्यामुळे निवडीचे नियमही जवळजवळ सारखेच आहेत.

पहिली चूक : न ऐकू येणारा आवाज

घाईघाईत मी एका दुकानातून १८०० रुपयांचं तयार यंत्र उचललं. खोक्यावर लिहिलं होतं, ‘अल्ट्रासोनिक, माणसाला त्रास नाही, जनावर पळणार’. मामांनी ते धुऱ्यावर लावलं. रात्री डुकरं आली आणि त्या यंत्रापासून पंधरा पावलांवर निवांत उकरत बसली.

परत आल्यावर पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की मी पैसे देण्याआधी विचार करायला हवा होता. डुक्कर अल्ट्रासोनिक ऐकतं, हे खरं. त्याची श्रवणकक्षा सुमारे ४० किलोहर्ट्झपर्यंत जाते, आपली २० ला संपते. पण हवा हा आवाज गिळते. २० किलोहर्ट्झच्या आसपास दर मीटरला साधारण अर्धा डेसिबल नुसती हवाच खाते. म्हणजे १०० मीटरवर ५० डेसिबल गेले. त्यात अंतरामुळे होणारी घट वेगळी, आणि पिकाची पानं मध्ये आली की उरलंसुरलंही संपलं. १ किलोहर्ट्झच्या आवाजाला १०० मीटरवर हवा जेमतेम अर्धा-एक डेसिबल खाते. बंद खोलीत किंवा कोठारात या यंत्राचं काय व्हायचं ते होवो, चार एकराच्या उघड्या वावरात त्याचा उपयोग नाही. १८०० रुपये शिकवणीची फी समजून सोडून दिले.

धडा १ : वॅट पाहू नका, भोंगा पाहा

बाजारात गेलं की दुकानदार वॅट सांगतो. “घ्या, हजार वॅट पीएमपीओ!” हा पीएमपीओ आकडा कशाचाच नसतो, हे आपल्याला दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं आहेच. पाहायचा तो स्पीकरच्या मागे लिहिलेला दुसरा आकडा: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. याला संवेदनशीलता म्हणा.

साध्या पुठ्ठ्याच्या कोनवाल्या छोट्या स्पीकरची ती सुमारे ८५ डेसिबल असते. देवळावर, रिक्षावर दिसतो त्या भोंग्याची सुमारे १०५. आता गणित करू. १० वॅट दिले तर दोन्हीत १० डेसिबल वाढले, म्हणजे ९५ आणि ११५. अंतर दहापट झालं की २० डेसिबल कमी होतात, म्हणून १०० मीटरवर ४० कमी. साध्या स्पीकरचे उरले ५५, भोंग्याचे उरले ७५. ५५ म्हणजे शेजारी बसून कोणी हळू बोललं तेवढं. वारा असला, तुरीचं रान मध्ये आलं, तर तेही नाही. ७५ म्हणजे दचकण्याजोगं.

हा २० डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत १०० पट. १० वॅटच्या भोंग्याची बरोबरी करायला साध्या स्पीकरला १००० वॅट द्यावे लागतील, आणि तो त्याआधीच जळेल. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. चार एकराचं चौकोनी वावर धरलं तर बाजू सव्वाशे मीटरच्या आसपास येते. धुऱ्याच्या मध्यावर एक भोंगा ठेवला तर भागतं. म्हणून अँप्लिफायर लहान घ्या, भोंगा चांगला घ्या. पैसे तिथेच वाचतात.

धडा २ : भोंग्याला झेपेल तोच आवाज

माझ्या डोक्यात पहिला विचार वाघाच्या डरकाळीचा आला. तुमच्याही येईल. डरकाळी मिळवली, भोंग्यावर वाजवली, आणि होस्टेलच्या गच्चीवर सगळे पोट धरून हसले. वाघ नाही, सर्दी झालेली मांजर वाटत होती! कारण सोपं आहे. डरकाळीचा दम खर्जात असतो, आणि लहान भोंगा ३००-४०० हर्ट्झच्या खाली फारसं काही काढूच शकत नाही. उरतो तो वरचा खरखराट. शिवाय जंगलाच्या कडेला रोज रात्री वाघाचा आवाज वाजवला तर डुकराआधी गावच घाबरेल आणि वनखात्याची गाडी दारात येईल.

भोंग्याला झेपतात ते मधल्या पट्टीतले आवाज: कुत्र्याचं भुंकणं, माणसाची आरोळी, डब्यावर काठी, फटाका. डुक्करही खरं घाबरतं ते माणसाला आणि कुत्र्याला. म्हणून आम्ही इंटरनेटवरचे आवाज सोडून दिले आणि उमरेडलाच रेकॉर्डिंग केलं. मामांची ‘हाऽऽ हुर्र्र’ ही आरोळी, शेजारच्या दोन कुत्र्यांचं भांडण, तेलाच्या पिंपावर काठी, दोन माणसं बोलत चालली आहेत असा आवाज. रेकॉर्डिंग मोबाइलवरच केलं. फक्त दोन पथ्यं पाळा. मोबाइल आवाजाच्या फार जवळ नको, नाहीतर लहरींची टोकं कापली जातात आणि सगळंच एकसारखं खरखरतं. आणि प्रत्येक आवाजाचे दहा-बारा वेगवेगळे नमुने घ्या. एकच भुंकणं शंभरदा वाजवू नका. का ते पुढे येतंच आहे.

साठवायला एमपी३ चालतं. भोंगा जे काढूच शकत नाही ते जपण्यासाठी मोठ्या फाइलचा अट्टहास नको.

धडा ३ : बॅटरीचं गणित वावरात नाही, वहीत करा

१२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी (यूपीएसमध्ये असते ती) म्हणजे ८४ वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली रिकामी करत गेलो तर लवकर मरते, म्हणून हिशोबात ४२ धरा. यंत्र रात्रभर सलग वाजवलं तर साधारण १२ वॅट गुणिले १२ तास, म्हणजे १४४ वॅट-अवर. जमणार नाही. आणि सलग वाजवायचंही नाही.

आम्ही सरासरी ८ मिनिटांतून एकदा २० सेकंद वाजवलं. वाजण्याचा वाटा ४ टक्के, म्हणून सरासरी अर्धा वॅट. रात्रभराचे ६ वॅट-अवर. पण सर्किट नुसतं वाट पाहत उभं असतं तेव्हाही सुमारे ७० मिलिअँपिअर खात होतं. ते झाले रात्रभराचे १० वॅट-अवर! म्हणजे वाजण्यापेक्षा वाट पाहण्यातच जास्त वीज गेली. एकूण १६. दोन रात्री ऊन नसलं तरी चालेल. १० वॅटचं सोलर पॅनल हिवाळ्याच्या उन्हात एवढं सहज भरून काढतं.

इथून एक गोष्ट शिकलो. तयार यंत्र घेताना दुकानदाराला ‘किती वॅट’ हे विचारण्याआधी ‘गप्प असताना किती खातं’ ते विचारा. बहुतेकांना उत्तर येत नाही. आपला मल्टिमीटर न्या.

जनावर आलं की वाजावं म्हणून आम्ही आधी स्वस्तातला पीआयआर सेन्सरही लावून पाहिला. तो सहा-सात मीटरपर्यंतच पाहतो, आणि वाऱ्याने हललेल्या गरम-गार पाल्यालाही जनावर समजतो. चार एकराला तो पुरणार नाही. काढून टाकला.

धडा ४ : मामांनी पकडलेला बग

आता खरी गोष्ट. यंत्र तयार झालं. आर्डुइनो नॅनो, एमपी३ वाजवणारा डीएफप्लेयर, पीएएम ८६१० चा छोटा अँप्लिफायर, भोंगा. दिवसा वीज वाया जाऊ नये म्हणून एलडीआर आणि रिले लावला. अंधार पडला की सगळं सर्किट चालू, उजाडलं की बंद. कोणता आवाज वाजवायचा आणि मध्ये किती वेळ थांबायचं, हे प्रोग्राममध्ये ‘रँडम’ फंक्शनवर सोडलं. मित्रांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी पाठ थोपटली.

पहिल्या पाच-सहा रात्री हरभऱ्यात एक खूर उमटला नाही. मी होस्टेलमध्ये मोठ्या रुबाबात फिरत होतो. आठव्या दिवशी सकाळी फोन आला.

“भासे, आले होते रात्री.”

“यंत्र बंद पडलं का मामा?”

“बंद कायले पडते? चांगलं वाजत होतं. पण मी काय म्हणतो, तुझं यंत्र रोज पहिले कुत्रं भुंकवते, मंग पिंप वाजवते, मंग दोनदा माणूस ओरडते, आन् मंग मोठी सुट्टी घेते. रोज तसंच. मले पाठ झालं. डुकराले नसन का होत?”

मी फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. तुमच्यातल्या ज्यांनी प्रोग्राम लिहिला आहे त्यांना चूक कळली असेल. संगणकाचं ‘रँडम’ खरं रँडम नसतं. ते एका बीज-आकड्यापासून, ज्याला सीड म्हणतात, गणिताने पुढचे आकडे काढत जातं. बीज तेच तर आकड्यांची माळही तीच. मी बीज दिलंच नव्हतं. आणि वीज वाचवायच्या हुशारीत दररोज संध्याकाळी सर्किट नव्याने चालू होत होतं. म्हणजे दररोज पहिल्यापासून तीच माळ. टेबलावर मी दहा मिनिटं तपासलं, म्हणून ते मला दिसलं नाही. मामा आठ रात्री जागले, म्हणून त्यांना ऐकू आलं. आमच्या सगळ्या वर्गाने न पकडलेला बग, आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने कानाने पकडला.

दुरुस्ती तीन ओळींची होती. नॅनोच्या ईईप्रॉममध्ये एक आकडा ठेवला. रोज चालू होताना तो वाचायचा, एकने वाढवून परत लिहायचा आणि तोच ‘रँडमसीड’ला द्यायचा. ईईप्रॉम लाखभर वेळा लिहिता येतं, रात्रीतून एकदा लिहिलं तर आपलं आयुष्य संपेल, ते संपणार नाही. मोकळ्या ॲनालॉग पिनवरचा गोंगाट वाचूनही बीज काढतात, पण तो आकडा पुष्कळदा एकाच घरात घुटमळतो, म्हणून मला ईईप्रॉमची पद्धत जास्त भरवशाची वाटली. थांबण्याची वेळही ३ ते १३ मिनिटांच्या मध्ये खरीखुरी बदलती केली.

पण मामांनी दुसरीही गोष्ट सांगितली, आणि ती कोणत्याच डेटाशीटमध्ये नाही. “आवाजाच्या मागं कधीतरी माणूस असला पायजे. नुसता आवाज म्हणजे खोटा दम.” जनावर आवाजाला सरावतं ते आवाज तोच असतो म्हणूनच नाही, तर आवाजानंतर काहीच घडत नाही म्हणून. त्यामुळे मामा तीन-चार रात्रींतून एकदा, यंत्रात माणसाची आरोळी वाजली की खरोखर टॉर्च घेऊन धुऱ्याने चालून येतात. दर चार दिवसांनी भोंग्याची जागाही बदलतात. बदलतं बीज, बदलती जागा आणि अधूनमधून खरा माणूस, या तीन गोष्टींवर हे यंत्र टिकलं.

आमचा खर्च

आम्ही घेतलं तेव्हाचे, सीताबर्डीच्या बाजारातले ढोबळ आकडे देतो. नॅनो आणि डीएफप्लेयर मिळून ४००, अँप्लिफायर १२०, मेमरी कार्ड २५०, १५ वॅटचा भोंगा ८००, बॅटरी ९५०, सोलर पॅनल आणि चार्ज कंट्रोलर ९५०, रिले, एलडीआर, वायर, प्लास्टिकचा डबा ३५०. बेरीज ३८२०. सुट्टीत जुना भोंगा आणि जुनी यूपीएस बॅटरी मिळाली तर दोन हजारांत काम होतं.

तयारच घ्यायचं असेल तर पाच प्रश्न विचारा. भोंग्याची संवेदनशीलता किती? आपले आवाज मेमरी कार्डावर भरता येतात का? क्रम आणि थांबा रोज बदलतो का? गप्प असताना किती मिलिअँपिअर खातं? पावसाचं पाणी आणि मुंग्या आत जातील अशी फट आहे का? शेवटच्या प्रश्नाला हसू नका. आमचा पहिला डबा मुंग्यांनीच बंद पाडला.

कायदा आणि शेजारधर्म

ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला मनाई करतात. वावर आहे म्हणून नियम नाही, असं समजू नका. मामांनी आधी ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि वनरक्षक यांच्याशी बोलून घेतलं. भोंग्याचं तोंड गावाकडे पाठ करून, आपल्याच पिकावर ठेवलं. पीक काढणीला आलं की यंत्र घरी. अभयारण्याच्या आत तर ते नेऊच नका.

आणि शेवटचं. होस्टेलमध्ये एकाने डोळे मिचकावून विचारलं, “अबे, यात सशाचा आवाज भरला तं कोल्हा येईन का?” येईल. म्हणूनच भरायचा नाही. आपल्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर ३ ते ७ वर्षांची कैद. आणि कऱ्हांडल्याच्या काठावर, अंधारात, सापडलेल्या सशाची किंकाळी ऐकून कोल्हाच येईल याची खात्री कोण देणार? बिबट्यालाही कान असतात. ज्याने जनावर लांब राहतं तेवढाच आवाज भरा.

काय साधलं?

खोटं सांगत नाही. नुकसान थांबलं नाही, कमी झालं. रोह्यावर तर यंत्राचा परिणाम डुकरांपेक्षा कमीच दिसला. दोनदा कळप आलाच. जे गेलं त्याचा पंचनामा वनखात्याकडून करून घेतला, भरपाईचा अर्ज दिला. मामांची जागल सुटली नाही, पण रोजची होती ती आठवड्यातून दोन रात्रींवर आली. मामी म्हणाल्या, “यंत्रानं डुकरं पळाली का माहीत नाई, पण तुझे मामा झोपून ऱ्हायले.”

संक्रांतीला गेलो तेव्हा गोठ्याच्या मागे तारेचं एक नवं वेटोळं दिसलं, अजून कागदात गुंडाळलेलं. मामांनी ते दिवाळीतच आणून ठेवलं होतं. माझ्याकडे पाहून म्हणाले, “त्याचा मांडव कर म्हटलं वालासाठी.” दुपारी आम्ही दोघांनी त्याचा वालाचा मांडव बांधला.

मित्रांनो, प्रोजेक्टसाठी आपण दरवर्षी तेच लाइन-फॉलोअर रोबोट आणि तेच ट्रॅफिक सिग्नल करतो. यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा एक रात्र वावरात जागून पाहा. प्रोजेक्टचा विषय तिथेच सापडेल, आणि कदाचित तुमचा बगही कोणीतरी पकडून देईल.

— अंतिम वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार शाखा